भिंतीत टकटक, बॉयलरमध्ये खदखद: ब्रिटनमधल्या घराचं हीटिंग आवाज करू लागलं तर

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळं तासभर मागे जातात. भारतातून निघालेली फराळाची पार्सलं साधारण त्याच सुमारास पोचत असतात, आणि उन्हाळाभर गप्प बसलेलं हीटिंगही, म्हणजे बॉयलरमध्ये तापवलेलं पाणी खोल्यांतल्या धातूच्या रेडिएटरमधून फिरवून घर उबदार ठेवणारी व्यवस्था, तेव्हाच घरोघरी सुरू होते. मग मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न यायला लागतात. "रात्री भिंतीत कुणीतरी ठोकतंय." "रेडिएटरमध्ये पाणी वाहतंय, गळती असेल का?" "बॉयलर फुटणार तर नाही ना?" पाणी तापवायचं यंत्र म्हणजे बाथरूममधला गीझर, एवढीच ओळख असलेल्या माणसानं घाबरणं साहजिकच आहे.

मी इथे आधी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहिले, नंतर आम्ही जुनं टेरेस्ड घर घेतलं. दोन्हीकडे या आवाजांशी गाठ पडली आणि इंजिनिअर लोकांना प्रश्न विचारून विचारून बरंच कळलं. त्यातलं मुख्य आधीच सांगते: आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो, हे जास्त उपयोगाचं असतं. "खडखड होतंय" एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. "हीटिंग बंद असताना, फक्त गरम पाण्याचा नळ सोडला की खदखद होते" असं सांगितलंत, तर समोरचा माणूस फोनवरच अर्धं निदान करतो.

१. हे दिसलं तर पुढचं नंतर वाचा

गॅसचा वास येत असेल तर दिव्याचं बटण दाबू नका, चालू दिवा बंदही करू नका. दारं-खिडक्या उघडा, जमलं तर मीटरजवळची गॅसची कळ पाइपला आडवी करून गॅस बंद करा, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ वर फोन करा. हा इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्ससाठीचा गॅसचा तातडीचा नंबर आहे, चोवीस तास चालू असतो.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला, किंवा घरातल्या सगळ्यांचं डोकं दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतंय, तरीही हेच करायचं: बॉयलर बंद, खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, मग फोन. या वायूला वास नसतो, त्यामुळे नाकावर भरवसा ठेवू नका. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात ज्या खोलीत गॅस बॉयलर आहे तिथे हा अलार्म लावणं घरमालकावर बंधनकारक आहे. नसेल तर आजच मागा.

आवाजांपैकी एकच असा आहे की तो ऐकला की बॉयलर बंद करायचा आणि इंजिनिअर येईपर्यंत पुन्हा लावायचा नाही. बॉयलर पेटताना 'भप्प' असा दणका बसतो तो. गॅस लगेच न पेटता आत थोडा साठतो आणि मग एकदम पेट घेतो, तेव्हा असं होतं. "दोन-तीनदाच झालं, आता थांबलंय" म्हणून सोडून देऊ नका.

बाकीचे आवाज त्रासदायक असतील, पण सकाळपर्यंत थांबू शकतात.

२. आपल्या घरात नेमकं काय बसवलंय ते ओळखा

या पायरीला पाच मिनिटं लागतात आणि नेमकी हीच लोक गाळतात.

भिंतीवर स्वयंपाकघरात एक पांढरी पेटी, माळ्यावर टाकी नाही, घरात गरम पाण्याचा सिलिंडर (पाणी साठवायची उभी टाकी) नाही: तुमच्याकडे कॉम्बी बॉयलर आहे, हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही बघणारा. फ्लॅटमध्ये आणि लहान घरांत बहुतेक हाच सापडतो. बॉयलर आहे आणि कपाटात मोठा सिलिंडरही आहे, पण माळ्यावर टाकी नाही: सिस्टीम बॉयलर. सिलिंडर आहे आणि माळ्यावर एक लहान, एक मोठी अशा टाक्याही आहेत: जुन्या पद्धतीची उघडी सिस्टीम. पहिल्या दोन्हींत पाणी बंदिस्त आणि दाबाखाली असतं, म्हणून त्यांना दाब दाखवणारा काटा किंवा आकडा असतो. तिसऱ्यात तो नसतो, माळ्यावरच्या लहान टाकीतून आपोआप पाणी उतरतं.

मोठ्या शहरांतल्या नव्या इमारतींत कधी कधी बॉयलरच नसतो. सगळ्या इमारतीचं गरम पाणी एकाच ठिकाणाहून येतं आणि तुमच्या कपाटात फक्त एक जोडणीची पेटी असते. त्या पेटीला हात लावू नका, तिचा आवाज ही इमारतीच्या व्यवस्थापनाची जबाबदारी. हीट पंपवाल्यांसाठी (बाहेरची उष्णता आत आणून घर तापवणारं विजेचं यंत्र) खाली एक ओळ आहे.

३. हाताशी काय ठेवायचं

रेडिएटरची चावी: छोटी, पितळेची, चौकोनी भोकाची. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात एक-दोन पाउंडांत मिळते. जुनी फडकी, एक वाडगं, टॉर्च, लांब स्क्रू-ड्रायव्हर आणि मोबाइल. ॲडजस्टेबल पाना असला तर बरा, नसला तरी अडत नाही.

कागदांत हे शोधून ठेवा: बॉयलरचं मॅन्युअल (नसेल तर पेटीवरचं मॉडेलचं नाव बघा, कंपन्यांच्या संकेतस्थळावर मॅन्युअल मिळतं), शेवटच्या सर्व्हिसची पावती, वॉरंटीचा कागद आणि भाड्याचं घर असेल तर भाडेकरार व गॅस सेफ्टी रेकॉर्ड, म्हणजे गॅसच्या उपकरणांच्या तपासणीचा दाखला. हे रेकॉर्ड घरमालकानं दर वर्षी करून घ्यायचं असतं, १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार. राहायला येतानाच त्याची प्रत तुम्हाला मिळायला हवी.

आणि एक सक्त सूचना. बॉयलरचं मुख्य आवरण उघडायचं नाही. पुढची झडप उघडून बटणं बघणं वेगळं, स्क्रू काढून आवरण उतरवणं वेगळं. अनेक बॉयलरमध्ये ते आवरणच जळालेले वायू घरात येऊ न देण्याचं काम करतं. आपल्याकडे मिक्सरपासून वॉशिंग मशीनपर्यंत सगळं घरी उघडून बघायची सवय असते, ती इथे नको.

४. आवाजाचा माग काढा

एका संध्याकाळी सगळं थंड असताना सुरुवात करा. टीव्ही बंद, वॉशिंग मशीन बंद.

आधी हीटिंग बंद ठेवून फक्त गरम पाण्याचा नळ सोडा आणि बॉयलरजवळ उभे राहा. मग नळ बंद करून थर्मोस्टॅट वाढवा आणि पहिली पंधरा-वीस मिनिटं लक्ष द्या. पेटताना आवाज आला, की तापत असताना, की पूर्ण तापल्यावर? शेवटी हीटिंग बंद करा आणि निवतानाही ऐका. टकटकीचा उलगडा बऱ्याचदा निवतानाच होतो.

जागा शोधायला स्क्रू-ड्रायव्हर कामाला येतो. टोक पाइपवर किंवा रेडिएटरच्या व्हॉल्व्हवर टेकवा आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा. धातूतून आवाज फार लांब जातो, त्यामुळे बेडरूममध्ये ऐकू येणारी घरघर प्रत्यक्षात खालच्या पंपाची असू शकते. चार ठिकाणी टेकवून बघितलं की कुठे मोठा आणि कुठे बारीक ते स्पष्ट कळतं. पाइप गरम असतील, जपून.

आवाज येईल तेव्हा मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि त्याच व्हिडिओत दाबाचा काटा किंवा स्क्रीनवरचा आकडाही घ्या. इंजिनिअर दारात आला की आवाज हमखास थांबतो.

५. खळखळ, गुडगुड: रेडिएटरमधली हवा

सगळ्यांत जास्त आढळणारा आणि स्वतः बंद करता येणारा आवाज हाच. पाणी वाहतंय असं वाटतं, पण गळती नसते. पाण्याबरोबर हवा फिरत असते. हात लावून बघा: रेडिएटर खाली गरम आणि वर गार असेल तर हवा नक्की. (उलट असेल, म्हणजे वर गरम आणि खाली मधोमध गार, तर तो गाळ. त्याबद्दल पुढे.)

हवा अशी काढायची:

हीटिंग बंद करा आणि रेडिएटर निवू द्या. घाईत हीच पायरी सुटते. पंप चालू असताना चावी फिरवली तर काही वेळा हवा बाहेर यायच्या ऐवजी आत ओढली जाते, शिवाय हातावर कढत पाणी उडतं ते वेगळंच. बंदिस्त सिस्टीम असेल तर सुरुवातीला दाब किती आहे ते लिहून ठेवा.

खालच्या मजल्यापासून सुरू करून वर जा. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात, एका टोकाला, चौकोनी डोक्याचा छोटा स्क्रू असतो. खाली वाडगं, मागे भिंतीला फडकं. चावी घड्याळाच्या उलट दिशेनं हळूच फिरवा, पाव ते अर्धा फेरा, बस. सुस्स असा आवाज येतो, थोडा दमट, लोखंडी वास येतो. मग सुस्स थांबतं, एक-दोन थेंब थुंकल्यासारखे उडतात आणि लगेच पाण्याची बारीक सलग धार लागते. धार लागली की चावी बंद. स्क्रू पूर्ण बाहेर कधीच काढू नका. तो निसटून पडला की दाबाखालचं पाणी थेट भिंतीवर, आणि त्या धारेत एवढासा स्क्रू परत बसवणं भलतंच कठीण जातं.

येणारं पाणी बहुतेकदा काळपट असतं आणि फिक्या रंगाच्या कार्पेटवरचा तो डाग निघत नाही. भाड्याच्या घरात डिपॉझिट जातं ते अशानं. जुना टॉवेल पसरल्याशिवाय चावी हातात घेऊ नका.

सगळे रेडिएटर झाले की दाब बघा. हवा गेली म्हणजे दाब उतरणारच. थंड असताना काटा साधारण १ ते १.५ बारच्या मध्ये हवा. कमी असेल तर बॉयलरखाली चंदेरी जाळीची एक नळी असते, तिच्या टोकांना कळा असतात. त्या सावकाश उघडा, पाणी शिरल्याचा आवाज येईल, काटा वर चढेल. १.५ च्या आत थांबा आणि कळा घट्ट बंद झाल्यात याची खात्री करा. काही मॉडेलांत नळीऐवजी बॉयलरखालीच छोटी खिट्टी किंवा चावी असते, तिथे मॅन्युअल बघा. कळ अर्धवट उघडी राहिली तर दाब चढत जातो आणि ३ बारच्या आसपास सुरक्षा व्हॉल्व्ह उघडून बाहेरच्या भिंतीवरच्या तांब्याच्या नळीतून पाणी टपकू लागतं.

उघडी सिस्टीम असेल तर माळ्यावर जाऊन लहान टाकी बघा. तिच्यात थंड असताना तळाशी काही इंच पाणी असलं पाहिजे. या टाकीचा गोळ्याचा नळ वर्षानुवर्षं हलत नाही, मग तो अडकतो, टाकी कोरडी पडते आणि सिस्टीम हवा ओढू लागते. लोक रेडिएटर रिकामे करत बसतात आणि दुखणं माळ्यावर असतं. त्या टाकीवरच्या वाकड्या पाइपातून पाणी सतत आत पडत असेल तर तोही बिघाडच, पाण्यात हवा मिसळण्याचा. आणि माळ्यावरच्या टाकीचं पाणी कढत लागलं, वाफ दिसली, तर हीटिंग आणि सिलिंडरचा विजेचा हीटर दोन्ही बंद करून लगेच माणूस बोलवा.

हवा वर्षातून एकदा काढावी लागली तर काही विशेष नाही. दर आठवड्याला काढावी लागत असेल तर मात्र सिस्टीम काहीतरी सांगतेय. एक शक्यता गळतीची: दाब रोज उतरतो, तुम्ही रोज पाणी भरता, आणि ताज्या पाण्याबरोबर ताजी हवा आत जाते. दुसरी शक्यता फुगवट्यासाठी ठेवलेल्या डब्याची, ज्याला इथे एक्स्पान्शन व्हेसल म्हणतात. त्यातली हवा गेली की तापल्यावर काटा ३ कडे धावतो आणि निवल्यावर शून्यावर येतो. तिसरी, बाहेरून न दिसणारी: रेडिएटर आतून गंजत असतील तर त्या गंजण्यातूनच हायड्रोजन तयार होतो. तुम्ही सोडताय ती हवा नसून तो वायू असू शकतो, म्हणून चावी फिरवताना जवळ मेणबत्ती, निरांजन, सिगारेट काही नको.

६. टकटक, कटकट: पाइप ताणतात तेव्हा

रात्रीच्या बहुतेक तक्रारी या आवाजाच्या असतात, आणि यात धोका जवळपास नसतो. हीटिंग सुरू झाल्यावर दहा-वीस मिनिटं आणि बंद झाल्यावर तेवढाच वेळ टकटक येत असेल, मधल्या काळात शांतता असेल, तर पाइप तापून लांब आणि निवून आखूड होताहेत.

हे लांब होणं किती असतं याचा अंदाज नसतो म्हणून आवाज गूढ वाटतो. तांब्याचा दहा मीटर पाइप २० अंशांवरून ७० अंशांवर गेला की सुमारे साडेआठ मिलिमीटर लांबतो. इंग्लंडमधल्या जुन्या घरांत वरच्या मजल्याची जमीन लाकडी फळ्यांची असते, फळ्यांखाली आडव्या तुळया, आणि तुळयांना खाचा पाडून त्यातून पाइप नेलेले असतात. खाच पाइपाएवढीच असली की पाइप सहज सरकत नाही. तो लाकडाला धरून राहतो, ताण वाढतो, मग एकदम सुटतो: टक्. परत धरतो, परत टक्.

आमच्या घरी जिन्याच्या वरच्या पायरीजवळची एक फळी उचलून बघितली तेव्हा हे सगळं डोळ्यांसमोर आलं. एकाच खाचेत दोन पाइप एकमेकांना घासत बसवले होते आणि लाकडावर जिथे ते सरकायचे तिथे गुळगुळीत चकाकणारा पट्टा पडला होता. सुताराने खाच किंचित रुंद केली, पाइप आणि लाकूड यांच्यामध्ये जाड फेल्टची पट्टी सरकवली आणि फळी परत बसवली. त्या जागेची टकटक गेली. घरात बाकी दोन-तीन ठिकाणी अजून येते, ती आम्ही तशीच ठेवलीय.

फळी उचलण्याआधी करायचा फुकटचा उपाय म्हणजे बॉयलरमधून निघणाऱ्या पाण्याचं तापमान कमी करणं. अनेक घरांत ते ७५-८० अंशांवर लावलेलं असतं. कॉम्बीवर रेडिएटरच्या खुणेचं बटण वेगळं असतं, ते ६० च्या आसपास आणा. पाइप कमी ताणतात, आवाज बराच उतरतो, आणि आजकालचे कंडेन्सिंग बॉयलर (बाहेर जाणाऱ्या वायूंतली उष्णताही वापरणारे) कमी तापमानालाच कमी गॅस जाळतात. खोली तापायला थोडा जास्त वेळ लागेल, म्हणून हीटिंग अर्धा तास आधी लावा. सिलिंडर असलेल्यांनी मात्र साठवलेलं पाणी ६० अंशांपर्यंत तापतंय याकडे लक्ष ठेवावं. त्याखाली लीजनेला नावाचे जिवाणू वाढायचा धोका असतो.

फळी करकरते म्हणून वरून खिळा ठोकण्याचा मोह होईल. खाली पाइप आहेत हे आत्ताच वाचलंत.

७. खदखद: बॉयलरमध्ये पाणी उकळल्यासारखा आवाज

बॉयलर चालू असताना आतून खदखद, गडगड येते आणि तापमान वाढवलं की ती वाढते. बॉयलरच्या आत ज्या नळ्यांमधून पाणी जातं आणि ज्यांना ज्योत तापवते, तिथे आतून थर बसला की पाणी नीट वाहत नाही, थराजवळ जागच्या जागी उकळतं आणि वाफेचे बुडबुडे फुटतात. लगेच काही फुटत नाही, सुरक्षेची साधनं असतात, पण बॉयलरचं आयुष्य घटतं आणि गॅस वाया जातो.

थर दोन प्रकारचे. लंडन आणि आग्नेय इंग्लंडातलं पाणी जड, क्षारांचं. चहाच्या किटलीत पांढरी खपली धरते तीच बॉयलरमध्ये धरते. मँचेस्टरला पाणी लेक डिस्ट्रिक्टमधून येतं, ग्लासगोला लॉख कॅट्रिनमधून, दोन्ही मऊ. तिथे क्षारांचा संशय सहसा घेऊ नये. दुसरा थर काळ्या गाळाचा: रेडिएटर आतून गंजून तयार झालेला लोखंडाचा बारीक चिखल. तो पाणी मऊ असो की जड, कुठेही होतो.

इथे चौथ्या पायरीतली नळाची परीक्षा कामाला येते. खदखद फक्त गरम नळ सोडल्यावर येते आणि हीटिंगला येत नाही? मग कॉम्बीमधला नळाचं पाणी तापवणारा वेगळा भाग क्षारांनी भरलाय. त्यातून रोज ताजं पाणी जातं, म्हणून जड पाण्याच्या गावात तो लवकर भरतो. हीटिंगलाही येते? मग मुख्य भागात गाळ किंवा क्षार. हीटिंगचं पाणी तेच तेच फिरत असतं, त्यामुळे त्यात क्षार फार साठायला नकोत. साठले असतील तर कुणीतरी वर्षानुवर्षं दाब भरत आलंय, आणि गळती कुठे आहे हा खरा प्रश्न आहे.

या आवाजाला घरगुती उपाय नाही. तापमान उतरवून तात्पुरता आराम मिळतो, पण काम इंजिनिअरचं. "पॉवर फ्लश करावा लागेल" हे वाक्य तुम्हाला बहुतेक ऐकू येईल. यंत्र लावून सगळी सिस्टीम जोरात धुवायची, खर्च शेकडो पाउंड. कधी तो खरंच लागतो, पण पहिला उपाय म्हणून तो सुचवणाऱ्याला मी दोन प्रश्न विचारते: पाण्याचा नमुना दाखवाल का, आणि किती रेडिएटर खाली गार आहेत? एकच रेडिएटर गार असेल तर तो उतरवून बागेत पाइपाने धुता येतो. गाळ थोडा असेल तर पाण्यात साफसफाईचं रसायन घालून काही दिवस फिरवायचं, पाणी बदलायचं, चुंबकाचा फिल्टर बसवायचा आणि शेवटी गंज रोखणारं द्रव, ज्याला इनहिबिटर म्हणतात, ते घालायचं, एवढ्यानं भागतं. फार जुन्या सिस्टीममध्ये जोरात धुतलं तर गाळानंच बुजलेली बारीक भोकं उघडी पडून गळती सुरू होऊ शकते, हेही विचारून घ्या.

८. शीळ, घरघर, खडखड

रेडिएटरच्या आकडे असलेल्या बटणातून, म्हणजे थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हमधून, बारीक शीळ येते: व्हॉल्व्ह जवळजवळ बंद होत आलाय आणि छोट्या फटीतून पाणी जोरात चाललंय. बाकीचे सगळे रेडिएटर बंद करून एकच चालू ठेवला की हे हमखास होतं. दोन-तीन उघडा.

तोच व्हॉल्व्ह मशीनगनसारखा खडखडत असेल आणि पूर्ण उघडल्यावर थांबत असेल, तर तो उलट्या दिशेनं बसवलाय. जुने व्हॉल्व्ह एकाच दिशेच्या प्रवाहासाठी असत, अंगावर बाण असतो. नवा, दोन्ही दिशांना चालणारा बसवून घ्यावा.

पंपाची सलग घरघर: सिलिंडरच्या कपाटात वेगळा पंप असेल आणि त्यावर १, २, ३ असं बटण असेल तर एक घर खाली आणून बघा. दूरचे रेडिएटर तरीही तापत असतील तर तिथेच ठेवा. कुरकुर, दळल्यासारखा आवाज असेल तर बेअरिंग गेलंय. कॉम्बीत पंप आवरणाच्या आत असतो, तिथे आपलं काम ऐकण्यापुरतं.

आणि नळ पटकन बंद केला की, किंवा वॉशिंग मशीनने पाणी घेणं थांबवलं की, भिंतीत एकच धाडकन आवाज? तो हीटिंगचा नाहीच. पाण्याच्या मुख्य पाइपचा आहे. गॅस इंजिनिअर नको, प्लंबर बोलवा.

९. कडक थंडीत अचानक गुडगुड आणि बॉयलर बंद

पारा शून्याखाली गेलेली सकाळ, बॉयलरमधून बाटली भरल्यासारखी गुडगुड, आणि स्क्रीनवर एरर कोड. बाहेर भिंतीवर एक पांढरी किंवा राखाडी प्लॅस्टिकची बारीक नळी बघा, नाल्याकडे जाणारी. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ पासून नवे गॅस बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचेच बसवतात. त्यांच्यातून सतत थोडं पाणी या नळीने बाहेर पडतं. नळी गोठली की पाणी मागे तुंबतं आणि बॉयलर स्वतःला बंद करून घेतो.

नळी हाताच्या उंचीवर असेल तरच हे करा: कोमट ते गरम पाणी, उकळतं नाही, वाकणाच्या जागी आणि उघड्या टोकाशी हळूहळू ओता, किंवा गरम पाण्याची पिशवी धरून ठेवा. मग बॉयलर रिसेट करा. खाली सांडलेलं पाणी गोठून घसरगुंडी होते, त्यावर मीठ टाका. नळी वरच्या मजल्यावर असेल तर शिडी लावू नका. नंतर थंडी ओसरली की नळी जाड करून घ्या किंवा बाहेरून आवरण लावून घ्या, नाहीतर पुढच्या जानेवारीत परत तेच.

१०. याची काळजी नको

हीटिंग बंद केल्यावर काही मिनिटं बॉयलर गुणगुणत राहतो: उरलेली उष्णता काढायला पंप फिरतो. कुणी नळ सोडला नसताना कॉम्बी मध्येच पेटतो: पाणी लगेच गरम मिळावं म्हणून ठेवलेला प्रीहीट. रात्री नको असेल तर इको मोड लावा. घर फार गारठलं की बॉयलर आपणहून सुरू होतो: पाइप गोठू नयेत म्हणून. सिलिंडरच्या कपाटात घुर्र आणि मग टक्: मोटरचा व्हॉल्व्ह. हीट पंपचा बाहेरचा पंखा थंडीत मध्येच थांबतो, सुस्कारा टाकल्यासारखा आवाज करतो, वाफ निघते: तो स्वतःवरचा बर्फ वितळवतोय.

११. कुणाला बोलवायचं आणि काय सांगायचं

भाड्यानं राहत असाल तर स्वतःच्या पैशानं इंजिनिअर बोलवू नका. इंग्लंडमध्ये हीटिंग आणि गरम पाण्याची व्यवस्था दुरुस्त ठेवणं लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्ट १९८५ च्या ११ व्या कलमाप्रमाणे घरमालकाचं काम आहे. घरमालकाच्या एजंटला फोन करा, पण नुसत्या फोनवर भागवू नका, लगेच ईमेल टाका. आपली माणसं "उगाच त्रास कशाला" म्हणून डिसेंबरपर्यंत सहन करतात आणि मग नेमका ख्रिसमसच्या आठवड्यात बॉयलर बंद पडतो. ईमेलमध्ये भावना नकोत, हे हवं: बॉयलरचं मॉडेल, आवाज कुठे आणि केव्हा येतो, थंड असताना आणि गरम असताना दाब किती, कुठले रेडिएटर वर किंवा खाली गार, तुम्ही आतापर्यंत काय केलंत, आणि व्हिडिओ. घरात तान्हं बाळ किंवा भारतातून आलेले आई-बाबा असतील तर तेही लिहा, काम लवकर होतं. दाब भरणं आणि हवा काढणं तुम्ही करावं का, हे आधी विचारून घेतलेलं बरं. बहुतेक एजंट हो म्हणतात.

स्वतःचं घर असेल तर आधी वॉरंटी तपासा. ती चालू असेल तर बाहेरचा माणूस बोलावल्यानं जाऊ शकते, आणि दर वर्षीची सर्व्हिस चुकवली असेल तर कदाचित गेलेलीच असेल. बाहेरचा माणूस बोलावलात तर गॅस सेफ रजिस्टरवर, म्हणजे गॅसचं काम करायची परवानगी असलेल्यांच्या अधिकृत यादीत, त्याचा नंबर तपासा. २००९ मध्ये ब्रिटनमध्ये या रजिस्टरने कॉर्गी नावाच्या जुन्या यादीची जागा घेतली, त्यामुळे कुणी आजही "कॉर्गी रजिस्टर्ड" म्हणून जाहिरात करत असेल तर जरा थांबा. माणूस दारात आला की ओळखपत्र मागायला संकोच करू नका. पुढे फोटो असतो, मागे त्याला कोणकोणत्या उपकरणांवर काम करायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. मागची बाजूच वाचा.

काम झाल्यावर तो निघण्याआधी पाणी बदललं असेल तर इनहिबिटर परत घातलं का ते विचारा, आणि सर्व्हिसच्या वहीत नोंद करून घ्या. दाब किती ठेवलाय ते त्याच्यासमोर बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळं गार असताना, तोच आकडा आहे का ते परत बघा. बराच उतरला असेल तर त्याच दिवशी फोन करा, दुरुस्तीची हमी ताजी असतानाच.